पुलाखालची कुटुंबं, स्टेशनवरची पोरं: ब्लँकेट वाटून झाल्यावर पुढे काय?

ओसरी

दिवाळीनंतर दरवर्षी ब्लँकेटवाटपाचे फोटो येतात. त्यावर वाद घालायला हा धागा नाही. इथले बरेच जण आपापल्या वॉर्डात, सोसायटीत, कॉलेजच्या एनएसएसमधून बेघर कुटुंबांसाठी काही करू पाहतात. त्यांना लागणारा तपशील एका जागी यावा, एवढाच हेतू. मुंबई-पुणे-ठाणे धरून लिहिते. नागपूर-नाशिककरांनी आपापली भर घालावी.

आधी आकडे. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७३ लाख बेघर मोजले गेले. त्यातले महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार, बृहन्मुंबईत ५७ हजारांवर. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीची होती. त्या रात्री जो छपराखाली नव्हता तो बेघर. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोपटातलं कुटुंब, सिग्नलवर फुगे विकून महिन्यातले दहा दिवस गावी जाणारं कुटुंब, नातेवाइकाच्या झोपडीत दाटीवाटीनं राहणारी पोरं यात कुठे बसली असतील ते तुम्हीच बघा.

कामाला लागताना तीन गट वेगळे धरा. एकाची मदत दुसऱ्याला दिली की नुकसान होतं.

पहिला गट फुटपाथवर किंवा पुलाखाली आईबापांसकट राहणाऱ्या कुटुंबांचा. यातली कित्येक तिसऱ्या पिढीची आहेत, म्हणजे नातवंडंही त्याच फुटपाथवर जन्मली. दुसरा गट घरातून निघून स्टेशनवर आलेल्या एकट्या मुलांचा. तिसऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेली, हातात एक पिशवी आणि दहावीचं मार्कलिस्ट असलेली ही मुलं-मुली. पहिल्या गटाला पत्ता आणि कागद लागतात. दुसऱ्याला पहिल्या काही तासांत योग्य माणसाच्या हाती पडणं लागतं. तिसऱ्याला भाड्याची खोली आणि ओळखीचा एक मोठा माणूस.

सुरुवात मोजणीपासून करा. फुटपाथवरची कुटुंबं मोजायचं काम स्पार्क संस्थेनं १९८५ मध्ये भायखळा परिसरात केलं होतं. फुटपाथवासीयांना हटवण्यावरच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल त्याच वर्षीचा, जुलैचा. मोजणी हातात असली की महापालिकेला ‘इथे कुणी नसतं’ म्हणता येत नाही. पुढे महिला मिलन या फुटपाथवरच्या बायकांच्या संघटनेनं रोजची बचत आणि घराची आखणी याच पायावर उभी केली.

मोजणीची नाइट राउंड रात्री साडेदहा ते बारा. त्याआधी दुकानं उघडी असतात, माणसं आडवी झालेली नसतात. बारानंतर उठवणं म्हणजे त्रास देणं. गट तिघांचा, त्यात एक तरी बाई. जॅकेट, बॅनर काही नको. फोटो अजिबात नको. कागदावर रकाने एवढेच: जागेची खूण (‘अमुक पुलाचा पाचवा खांब, पूर्वेकडची बाजू’), कुटुंबात माणसं किती, सहाखालची मुलं, शाळेच्या वयाची मुलं, कुणी गरोदर आहे का, मूळ गाव-तालुका, कोणकोणते कागद आहेत, दिवसा काम कुठे. जात, पोलीस केस, नवरा कुठे आहे हे पहिल्या भेटीत विचारू नका. दुसऱ्या फेरीला तेच लोक, तोच वार, तीच वेळ. दर वेळी नवा चेहरा गेला तर नवी माहिती मिळते, आणि ती खोटी असते.

---

जकातनाका

छान धागा. एक शंका. सिग्नलवर लहान पोरं रात्री अकराला गजरे विकतात. १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करून उचलून न्यायला सांगावं का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडलेत.

---

पिंपळपार

@जकातनाका, तुमचा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

१०९८ ची सुरुवात १९९६ ची, मुंबईतलीच. २०२३ पासून ती राज्याच्या महिला व बाल विकास यंत्रणेकडे आहे आणि ११२ शी जोडली आहे. फोन जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो. तेव्हा जुन्या ओळखीच्या संस्थेचा माणूस येईल असं धरून चालू नका.

राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या कार्यपद्धतीत रस्त्यावरची मुलं तीन प्रकारची धरली आहेत: एकटी राहणारी, कुटुंबासोबत रस्त्यावर राहणारी, आणि दिवसभर रस्त्यावर असून रात्री जवळच्या वस्तीत घरी जाणारी. तुमची गजरेवाली पोरं बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातली. त्यांची आई दहा पावलांवर दुभाजकावर बसलेली असते. अशा मुलाला उचलून बालगृहात टाकणं हा शेवटचा उपाय आहे, बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्येही तत्त्व हेच आहे. निव्वळ गरिबी हे मूल आईपासून तोडायचं कारण होऊ शकत नाही. एकदा उचललं की आई सहा महिने त्या सिग्नलला फिरकत नाही. वर कळतं की तिच्याकडे कागद नाहीत, त्यामुळे ‘हे मूल माझंच’ हे तिला बालकल्याण समितीपुढे सिद्ध करता येत नाही. मूल आत, आई बाहेर, आणि वाढत जाणाऱ्या तारखा.

फोन कधी करायचा? मूल एकटं असेल, मार लागलेला दिसत असेल, नशेत असेल, सोबतचा मोठा माणूस बदलत असेल, किंवा मूल त्या माणसाला घाबरत असेल तर लगेच. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर कळवणं पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) बंधनकारक आहे. तिथे दोन तट नाहीत.

फोनवर काय सांगायचं: नेमकी जागा, वय अंदाजे, कपडे, सोबत कोण, तुम्ही तिथे किती वेळ थांबणार. आणि थांबा. मदत पोचेपर्यंत मूल निघून जातं, ही नेहमीची अडचण. स्टेशनवर असाल तर मुलाला बाहेर नेऊ नका. फलाटावरच आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल), लोहमार्ग पोलीस किंवा चाइल्ड हेल्प डेस्क गाठा. सीएसएमटी, दादर, कुर्ला टर्मिनस, कल्याण, पुणे इथं दिवसाला किती गाड्या उतरतात ते बघा, पोरगं गर्दीत मिसळायला दोन मिनिटं पुरतात. ‘आज रात्री माझ्या घरी ठेवतो, सकाळी बघू’ हे कितीही चांगल्या मनानं केलं तरी करू नका. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मूल बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं.

आणि कृपा करून ‘हे मूल सापडलं आहे, जास्तीत जास्त शेअर करा’ बंद करा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असा फोटो-माहिती प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याच्या मारहाणीला कंटाळून मूल पळालं तोही तोच फोटो बघत असतो.

---

मधली सुट्टी

+१. शेवटचा परिच्छेद प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चिकटवायला हवा.

---

दौत

कागदांबद्दल लिहितो, कारण गाडी अडते ती तिथेच. आधार काढायला पत्ता, पत्त्याला रेशनकार्ड, रेशनकार्डाला आधार. हे चक्र कुठून फोडायचं ते कुटुंबागणिक बदलतं, म्हणून आधी गाठोडं उघडून काय आहे ते बघा. बऱ्याचदा ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्या बाईकडे पालिका रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड नाहीतर माता-बाल संरक्षण कार्ड निघतं. ते सोनं समजा.

जन्मदाखला. मूल पालिकेच्या रुग्णालयात जन्मलं असेल तर नोंद बहुतेक झालेली असते, फक्त दाखला काढलेला नसतो आणि नावाचा रकाना कोरा असतो. जन्म ज्या वॉर्डात झाला तिथल्या कार्यालयात डिस्चार्ज कार्डावरच्या तारखेवरून शोध घ्या. राहता वॉर्ड कोणता, याला इथे महत्त्व नाही. नाव घालणं बारा महिन्यांपर्यंत फुकट, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नोंदच नसेल तर काम वाढतं. २१ दिवसांपर्यंत साधी नोंद, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत लेखी परवानगी आणि वर्षानंतर थेट दंडाधिकाऱ्याचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. २०२५ पासून आपल्या राज्यात उशिराच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर अर्ज टाकू नका. रुग्णालयाचा, अंगणवाडीचा, शाळेचा, लसीकरणाचा असा एखादा तरी स्वतंत्र पुरावा जोडा. पुराव्याविना टाकलेला अर्ज फेटाळला जातो, आणि दुसऱ्यांदा जाताना आधीचा नकार आडवा येतो.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाचं आधार जन्मदाखल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे तान्ह्या मुलांपासून सुरुवात करा. मोठ्यांचं थांबलं तरी चालेल, यांचा एकवीस दिवसांचा काटा चालू असतो.

मोठ्यांचं आधार. मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या अधीक्षकाचं, नाहीतर आमदार, खासदार, राजपत्रित अधिकारी यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र ओळख आणि पत्ता दोन्हीसाठी चालतं. नमुना आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. लेटरहेडवर लिहून आणलेलं पत्र केंद्रावर परत येतं. प्रमाणपत्र तीनच महिने चालतं. फोटोवर सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. खाडाखोड, व्हाइटनर असेल तर बाद. अठरा वर्षांवरच्या माणसाची पहिलीच नोंदणी असेल तर ती ठरावीक केंद्रांवरच होते आणि राज्य सरकारची पडताळणी लागते. तिला कित्येक महिने लागतात, ते त्या माणसाला आधीच सांगून ठेवा. नाहीतर तो दुसऱ्या केंद्रावर पुन्हा नोंदणी करतो आणि दोन्ही अर्ज ‘डुप्लिकेट’ म्हणून अडकतात.

मतदार ओळखपत्र. बेघरांसाठी सगळ्यात सोयीचा दरवाजा हाच, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. मतदार नोंदणीच्या नमुना ६ मध्ये झोपण्याच्या जागेची खूण लिहायची. पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. बीएलओनं (भागाची मतदारयादी सांभाळणारा कर्मचारी) रात्री तिथे जाऊन, एकाहून अधिक रात्री, माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं असतं. अडचण एवढीच की बीएलओ बहुधा शिक्षिका नाहीतर अंगणवाडीताई असते, तिला रात्री अकराला पुलाखाली एकटीनं जायला सांगणं बरोबर नाही. त्यांना फोन करून तुमच्या नाइट राउंडचीच वेळ द्या आणि सोबत घेऊन जा. त्या रात्री सगळं कुटुंब जागेवर असेल एवढं बघा.

बँक. काहीही कागद नसताना ‘लघु खातं’ उघडता येतं. स्वतः सही केलेला फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा, बस. शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षभरातला भरणा एक लाखापर्यंत, महिन्याला दहा हजारांपर्यंत काढता येतात. खातं बारा महिन्यांचं. ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला की आणखी बारा. काउंटरवर ‘असं काही नसतं’ म्हणतील. शाखाधिकाऱ्याला भेटा, रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांमधलं ते पान छापून न्या.

रेशन. इथे बहुतेक जण उलट्या बाजूनं सुरुवात करतात. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या कुटुंबाचं कार्ड गावी असतं. नवं कार्ड काढायच्या भानगडीत न पडता ‘एक देश एक रेशन’खाली मुंबईतल्या दुकानात अंगठा देऊन त्याच कार्डावर धान्य मिळतं. काही धान्य गावी म्हाताऱ्यांनी घेतलं तरी उरलेला हिस्सा इथे घेता येतो. अट एकच, कार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालेलं हवं. झालं नसेल तर नाव कापलं जातं, म्हणून आधी ‘मेरा राशन’ अ‍ॅपवर तपासा.

शेवटी जपणुकीचं. अतिक्रमणविरोधी गाडी आली की गाठोडं जातं आणि दोन वर्षांची मेहनत त्यात जाते. प्रत्येक कुटुंबाला झिपची जाड प्लॅस्टिक पिशवी द्या, ती गळ्यात किंवा कमरेला बांधायची. छायाप्रतींचा एक संच तुमच्याकडे, एक ओळखीच्या दुकानदाराकडे. जन्मदाखला, जातीचा दाखला लॅमिनेट करू नका, खरं-खोटं तपासता येत नाही म्हणून परत करतात.

---

ओसरी

दौत, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका अशी विनंती. बीएलओचं तर फार उपयोगी.

---

शेवंती

महापालिकेची निवारा केंद्रं असताना लोक पुलाखाली का राहतात, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहिते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनंतर मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडं निवारा केंद्र असं प्रमाण ठरलं. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास केंद्रं हवीत. तुमच्या वॉर्डात किती आहेत ते मोजा, हाताची बोटं पुरतात. नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी ५० चौरस फूट, स्वयंपाकाची सोय, लॉकर, प्रथमोपचार, कुटुंबांसाठी आडोसा हे सगळं लिहिलेलं आहे. पाच जणांच्या कुटुंबाला अडीचशे चौरस फूट! कागदावर बऱ्याच फुटपाथवाल्यांना झोपडीवाल्यांपेक्षा जास्त जागा आहे.

प्रत्यक्षात बरीच केंद्रं पुरुषांची. कुटुंब गेलं की नवरा एकीकडे, बायको-मुली दुसरीकडे, आणि तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पुरुषांच्या हॉलमध्ये. कोणती आई पाठवेल? म्हणून त्या नाही म्हणतात आणि नोंदवहीत ‘लाभार्थीने नकार दिला’ असं पडतं.

नकाराची बाकी कारणंही साधी असतात. हातगाडी आणि भंगाराची पोती ठेवायला जागा नाही. सकाळी साडेचारला फुलबाजार गाठायचा तर केंद्राचं दार सहाला उघडतं. कामापासून केंद्र तीन स्टेशनं लांब. सोबत शेळी किंवा कुत्रं असतं. तुम्हाला पालिकेशी बोलायचंच असेल तर ‘निवारा वाढवा’ असं मोघम बोलू नका. चार गोष्टी मागा: कौटुंबिक केंद्र, कामाच्या जागेपासून दोन किलोमीटरच्या आत, हातगाडी साखळीनं बांधायला कुंपणातली जागा, आणि पहाटे चारला उघडणारं दार. शेवटच्या दोन गोष्टींना जवळजवळ खर्च नाही.

आडोशाबद्दल एक. प्लायवूडचं पार्टिशन साडेसहा फुटांचं घाला, छतापर्यंत नेऊ नका. वर मोकळं राहिलं तर पंख्याची हवा फिरते आणि आत काही वाईट घडत असेल तर बाहेर ऐकू येतं. पडद्यावर भागवलं तर महिन्याभरात पडदे अंथरायला जातात.

स्वयंपाकाला पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्ता लागत नाही. केंद्राच्या एकाच मोठ्या भटारखान्यापेक्षा कुटुंबांना आपापली चूल प्रिय असते. तेव्हा चार-पाच शेगड्यांचा सामाईक ओटा करा, वेळा वाटून द्या. खिडकी आणि वाळूची बादली मात्र हवीच.

---

वारूळ

विषय शाळेचा. शिक्षण हक्क कायद्यात वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), वर्षाच्या मध्ये आला म्हणूनही नाही (कलम १५), आणि प्रवेश वयानुरूप वर्गात द्यायचा (कलम ४). तरी मुख्याध्यापक का कू करतात? त्यांना दुष्ट समजू नका. आपल्याकडे संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते, आधार पडताळणी झालेल्या पटाशी जोडलेली आहे. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं, जेवतं, शिकतं, पण शिक्षकांची पदं मोजताना ते धरत नाहीत. वर ते मूल चार महिन्यांनी गावी गेलं तर गळतीचा आकडा शाळेच्या नावावर.

म्हणून नुसता कायदा दाखवून भांडू नका. प्रवेशाच्या अर्जासोबत आधार नोंदणीची पावती किंवा ‘तीन महिन्यांत करून देतो’ असं गटाचं पत्र द्या. त्या वॉर्डाचा बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायचं काम बघणारा) शिक्षक कोण ते शोधा, तो आतून ढकलतो. कुटुंब हंगामी स्थलांतर करणारं असेल तर निघताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यायला लावा, म्हणजे पुढच्या शाळेत पहिल्यापासून सुरुवात होत नाही.

रोज शाळेत जाणं बहुतेक वेळा अंघोळीवर अडतं. सकाळी सातला सुलभमध्ये रांग असते आणि माणशी पैसे पडतात. मुलांचा मासिक पास काढून देणं किंवा शाळा अर्धा तास आधी उघडून तिथला नळ वापरू देणं, एवढ्यानं हजेरी सुधारते. दप्तर शाळेतच ठेवायची मुभा मागा. पुलाखाली वह्या उंदीर खातात नाहीतर पावसात जातात.

बालसंगोपन योजनेचंही सांगतो. एक पालक, आजारी पालक, तुरुंगातला पालक अशा घरातल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत महिन्याला २२५० रुपये मिळतात. मात्र अर्जाच्या कागदांमध्ये ‘घरासमोर पालकासह बालकाचा फोटो’ मागतात. घरच नाही, तर फोटो कशासमोर काढायचा? झोपण्याच्या जागेसमोर काढा, मागे ठळक खूण दिसेल असा, आणि सोबत गृहचौकशीसाठी यायची वेळ लेखी मागा. दुसऱ्याच्या खोलीसमोर काढलेला फोटो चौकशीत उघडा पडतो आणि अर्ज कायमचा बसतो. पैसे अनियमित येतात, त्यावर उधारी करू नका हेही कुटुंबाला सांगून ठेवा.

---

मॅपलपान

कॅनडातून वाचतोय. आमच्या मंडळानं गणपतीत थोडे पैसे जमवलेत, भारतातल्या अशा एखाद्या गटाला थेट पाठवले तर चालतील का? दुसरं, गावाकडच्या एका मित्राला स्वतःच्या बंगल्यात दहा-बारा मुलांसाठी आश्रम काढायचा आहे, त्यालाही हातभार लावावा म्हणतो.

---

पिंपळपार

पैशांचं: ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गानं दिलेली देणगी परदेशी देणगी धरत नाहीत. ज्यांनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं त्यांची मात्र धरतात, ओसीआय कार्ड असलं तरी. आणि मंडळाच्या खात्यातून आलेली रक्कमही परदेशीच. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्था ती रक्कम पुढे दुसऱ्या गटाला देऊ शकत नाही. वॉर्डातल्या पाच-दहा जणांच्या गटाच्या खात्यात अशी रक्कम आली तर ते बिचारे अडचणीत येतात.

आश्रमाचं: मित्राला आजच थांबवा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं नोंदणीशिवाय ठेवणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४२ खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे ऐकून घेत नाहीत आणि घेऊही नये. त्यांना मुलांसाठी काही करायचंच असेल तर पालनपोषण करणारं कुटुंब म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करू द्या, किंवा ओसरींच्या तिसऱ्या गटाचं, बालगृहातून बाहेर पडलेल्यांचं बघा.

---

दौत

तिसऱ्या गटाबद्दल मीच लिहितो, कुणी घेतलं नाही म्हणून.

बालगृहातलं मूल अठराचं झालं की बाहेर पडतं. बाल न्याय अधिनियमात कलम ४६ खाली अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या मदतीची तरतूद आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला ४००० रुपये, एकविसाव्या वर्षापर्यंत, गरज असेल तर तेविसाव्यापर्यंत. अनुरक्षण गृहं आहेत, पण ती थोडी, आणि मुलींसाठी त्याहून थोडी. अर्ज अठरावा वाढदिवस उलटल्यावर केला तर मधले महिने स्टेशनवर जातात. म्हणून सतराव्या वर्षीच परिविक्षा अधिकाऱ्याला (मुलाचं प्रकरण बघणारा अधिकारी) गाठून चार गोष्टी पूर्ण करून घ्या: स्वतःचं बँक खातं, स्वतःच्या मोबाइल क्रमांकाला जोडलेलं आधार, शाळेचा दाखला, आणि अनाथ असेल तर अनाथ प्रमाणपत्र. शेवटच्या कागदाशिवाय राज्यातलं एक टक्का अनाथ आरक्षण मिळत नाही. आधारला बालगृहाच्या अधीक्षकांचाच मोबाइल जोडलेला असतो, ही गोची नेहमीची. अधीक्षक बदलले की ओटीपी त्यांच्यासोबत जातो.

खोलीसाठी गटानं अनामत भरावी आणि करार मुलाच्या नावानं करावा. भाड्याला उतरती मदत ठेवा: पहिले तीन महिने पूर्ण, पुढचे तीन अर्धं, मग शून्य. वर्षभर पूर्ण भाडं दिलं की बाराव्या महिन्याला तो पुन्हा तिथेच येतो. करार अकरा महिन्यांचा, नोंदणीकृत. शहरात नोंदणी फी हजार रुपये, मुद्रांक शुल्क पाव टक्का. नोंदलेला करार हाच पुढे पत्त्याचा पुरावा होतो, म्हणून हजार रुपये वाचवू नका. झोपडपट्टीतला मालक नोंदणीला नाही म्हणतो, कारण खोली त्याच्याही नावावर नसते. मग चाळीतली सामाईक खोली दोघा-तिघांत घ्या. चौघांच्या वर नको. भांडण झालं की सगळे एकदम रस्त्यावर येतात.

याच पद्धतीनं कमावतं फुटपाथ-कुटुंबही खोलीत जाऊ शकतं. त्यांची अडचण महिन्याच्या भाड्यापेक्षा अनामतीची असते.

---

शेवंती

ब्लँकेटवरून आठवलं. थंडीतली मदत ही दिल्लीची नक्कल आहे. मुंबई-ठाण्यात खरे वाईट चार महिने पावसाचे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात द्यायचं सामान: जाड ताडपत्री बारा बाय पंधरा फुटांची, कडेला पितळी डोळे असलेली (पातळ निळी पहिल्या वाऱ्याला फाटते), नायलॉनची दोरी वीस मीटर, जमिनीवर अंथरायला दुसरं प्लॅस्टिक, ओल न धरणारा झाकणाचा डबा, मुलांना रबरी चपला. ताडपत्री दिवसा घडी होईल अशीच बांधायला सांगा. बांबू रोवून कायमची केली की ते अतिक्रमण ठरतं आणि गाडी येते.

पाणी साचल्यावर चालावं लागलं तर लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. पालिकेच्या आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. मात्र गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना तीच गोळी चालत नाही, त्यांची वेगळी असते. म्हणून गोळ्या वाटत सुटू नका, डॉक्टरकडे घेऊन जा.

---

जकातनाका

सगळ्यांचे आभार. ग्रुपमध्ये वाचून दाखवलं, सिग्नलवरून फोन करण्याचा बेत रद्द. या शनिवारपासून नाइट राउंड. एकच विचारायचं राहिलं. मोजणीची यादी नंतर कुणाला द्यायची? वॉर्ड ऑफिसला दिली तर उलट अतिक्रमणवाल्यांच्या हाती लागेल अशी भीती काहींना वाटते.

---

ओसरी

भीती रास्त आहे. दोन याद्या करा. नावानिशी यादी गटातल्या दोघांकडेच राहू दे, कागदावर, ड्राइव्हवर नको. वॉर्डाला द्यायची ती संख्येची: अमुक प्रभागात इतकी कुटुंबं, सहाखालची इतकी मुलं, इतक्या गरोदर बायका. त्यात खांब-पुलाच्या खुणा घालू नका. अंगणवाडी पर्यवेक्षिका, बालरक्षक आणि आरोग्यसेविका यांना मात्र एकेका कुटुंबाला विचारून, त्याच्या होकारानं, प्रत्यक्ष नेऊन भेट घालून द्या. पोहोच घेतल्याशिवाय कुठलंच पत्र देऊ नका, आवक क्रमांक तुमच्या प्रतीवर हवा.

आणि २०२७ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी पुन्हा रात्रीच होईल. त्या वेळी प्रगणकासोबत कोण जाणार ते आत्ताच ठरवून ठेवा. पाचव्या खांबामागे कुटुंब झोपतं हे त्याला तुमच्याशिवाय कुणी सांगणार नाही.